पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’: नव्या पीसीतला बिघाड कसा शोधायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हाच प्रकार ज्यांच्याकडे झालाय त्यांनाही पुढचं लागू पडेल. मुलासाठी तुम्ही घरीच पीसी जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ३६०० स्पीडच्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॉटचा पॉवर सप्लाय. पहिल्या रात्री सगळं चाललं. विंडोज टाकलं, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅमला खोक्यावर लिहिलेल्या वेगानं चालवणारं सेटिंग) चालू केलं, मुलगा थोडा वेळ गेम खेळला, मग मशीन बंद केलं. सकाळी बटण दाबलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण मॉनिटर म्हणतो ‘नो सिग्नल’. केबल काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली, तिथंही काही नाही. दुकानदारांचं म्हणणं, कार्ड गेलंय, वॉरंटीत पाठवा. पाठवू का, असं तुम्ही विचारताय.

आज तरी पाठवू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून कार्ड गेल्याची खूण एकही दिसत नाही, आणि वॉरंटीत गेलेला भाग परत यायला लागतो तेवढा वेळ मशीन नुसतं पडून राहील. माझा संशय एक्सएमपीवर आहे. तो का, ते सांगतो.

त्याआधी मदरबोर्डच्या एचडीएमआयचं. रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. ते ५६००जी मध्ये असतं. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं तोंड दिसतं, पण त्याला चित्र पुरवणारा भाग प्रोसेसरच्या पोटात असावा लागतो, आणि तुमच्या प्रोसेसरमध्ये तो नाही. त्यामुळे तिथं केबल लावून काही दिसलं नाही, यावरून मदरबोर्ड बिघडला की चांगला आहे हे काहीच कळत नाही. इंटेलमध्ये ज्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यांचंही असंच. उलट रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांत साधं ग्राफिक्स दिलेलं आहे, ७५००एफसारखे अपवाद सोडले तर. तेव्हा केबल कायम कार्डाच्याच पोर्टला ठेवा. टॉवर उभा असेल तर ही पोर्टं खालच्या बाजूला आडव्या ओळीत असतात. यूएसबीच्या शेजारचं वरचं पोर्ट मदरबोर्डाचं.

आता मुख्य मुद्दा. ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न विचारतो तो चित्र नेमकं केव्हा जातं हा. जोडल्यापासून एकदाही आलं नाही, आधी येत होतं आणि आता बटण दाबल्यापासून येत नाही, विंडोज उघडताना जातं, की गेम चालू असताना जातं? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची कारणं एकमेकांत फारशी मिसळत नाहीत. हा क्षण न ठरवता लोक रॅम बदलतात, केबल बदलतात, कार्ड बदलतात, सगळं एकाच वेळी. मशीन चालू झालं तरी कशामुळे झालं हे कळत नाही आणि आठवड्याने पुन्हा तेच.

तुमचं मशीन एक रात्र व्यवस्थित चाललं, ही फार मोठी माहिती आहे. प्रोसेसर बोर्डाला चालतो का, बायोस जुनं आहे का, प्रोसेसरच्या पिना वाकल्यात का, आठ पिनांची प्रोसेसरची वायर लावायची राहिली का, हे सगळे प्रश्न त्या एका रात्रीनं निकालात काढले. यातलं काही चुकलं असतं तर विंडोज टाकताच आलं नसतं. म्हणून कूलर आणि प्रोसेसर यांना अजिबात हात लावू नका. तुमच्या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेत, पिना प्रोसेसरला असतात, आणि कूलर सरळ वर ओढला तर दोघांमधल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो. पिना वाकल्या तर त्याची वॉरंटीही गेली. नसलेल्या बिघाडाच्या शोधात खरा बिघाड ओढवून घेण्याचा हा हमखास रस्ता आहे.

मग कालच्या रात्रीत आणि आजच्या सकाळीत काय बदललं? बायोसमधलं एक सेटिंग, आणि मशीन थंड झालं. तुमच्या रॅमच्या खोक्यावर ३६०० लिहिलंय, पण एक्सएमपी चालू करेपर्यंत ती त्या वेगानं चालत नाही. ती २१३३, २४०० किंवा २६६६ अशा सावध वेगानं सुरू होते. रायझन बनवणाऱ्या एएमडीनं या प्रोसेसरसाठी अधिकृतपणे सांगितलेला वेग ३२०० आहे. ३६०० बहुतेकांकडे चालतो, पण त्याची हमी कुणी दिलेली नाही. आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की बोर्ड रॅमशी जुळवाजुळव नव्यानं करतो. रात्री तापलेल्या मशीनवर रीस्टार्टला जे जमलं ते सकाळी थंड मशीनवर जमलं नाही, असं पुष्कळदा होतं. रॅम जुळली नाही की गाडी पुढे सरकत नाही, ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायचा हुकूमच जात नाही, आणि मॉनिटर बिचारा ‘नो सिग्नल’ दाखवतो. पंखे मात्र फिरत राहतात, कारण पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात. पंखे फिरतात याचा अर्थ पॉवर सप्लाय चालू झाला, एवढाच.

हे खरं आहे का ते आधी बघून घ्या. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर मशीन आतून जिवंत आहे आणि फक्त चित्र बाहेर येत नाहीये. मग संशय केबल, मॉनिटर आणि कार्डावर. दिवा ढिम्म राहिला तर मशीन सुरुवातीच्या तपासणीतच अडकलंय. त्यानंतर केसची बाजू उघडून मदरबोर्डच्या कडेला, बहुधा २४ पिनांच्या जाड वायरीजवळ, चार बारीक दिवे आहेत का बघा. त्यांच्या शेजारी सीपीयू (प्रोसेसर), डी-रॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट (विंडोजची डिस्क) अशी नावं छापलेली असतात. बटण दाबल्यावर ते एकेक करून लागून विझतात, आणि जिथं अडलं तिथला दिवा तसाच लागून राहतो. डी-रॅमचा राहिला तर माझा अंदाज बरोबर. व्हीजीएचा राहिला तर कार्ड, त्याचा स्लॉट किंवा त्याची वायर, पण काही बोर्डांवर मॉनिटर बंद असला तरी तोच दिवा राहतो, म्हणून मॉनिटर चालू ठेवूनच बघा. स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात. तिथं एक छोटा बीप वाजवणारा स्पीकर पुढच्या पॅनेलच्या पिनांवर लावता येतो आणि बीपचा अर्थ बोर्डाच्या पुस्तिकेत सापडतो.

आता उपाय. बायोस मूळ स्थितीत आणायचं. भिंतीवरचा स्विच बंद करा, वायर काढा, आणि केसचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. बोर्डावर ‘क्लिअर सीएमओएस’ किंवा तशाच नावाच्या दोन पिना असतात, नेमक्या कुठं ते पुस्तिकेतल्या चित्रात असतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्या दोन्हींना एकाच वेळी दहा सेकंद स्पर्श करून ठेवा. पिना सापडत नसतील तर रुपयाएवढा गोल सेल, सीआर२०३२, पाच मिनिटं काढून ठेवा. पुष्कळ बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाखाली लपलेला असतो, मग कार्ड काढावं लागतं. नंतर वायर लावून मशीन चालू करा आणि हात मागे घेऊन दोन-तीन मिनिटं थांबा. बोर्ड मधेच स्वतःहून बंद होऊन चालू होईल, घाबरून बटण दाबू नका. ज्यांच्याकडे डीडीआर५ रॅमचं एएम५ (रायझन ७००० मालिकेचं) मशीन आहे त्यांनी तर याहून जास्त थांबावं. तिथं पहिल्या वेळी रॅमची जुळवाजुळव कित्येक मिनिटं चालते आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. चांगलं मशीन ‘बंद आहे’ समजून लोक याच वेळेत पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि जुळवाजुळव दर वेळी पहिल्यापासून सुरू होते.

चित्र आलं तर निदान झालं. मग लगेच ३६०० वर जाऊ नका. एक्सएमपी लावून वेग हातानं ३२०० करा आणि दोन-चार दिवस सकाळच्या थंड मशीनवर बघा. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर नवं बायोस असेल तर ते टाका, रॅमची जुळवणी नव्या बायोसमध्ये बहुतेक वेळा सुधारलेली असते. ३२०० आणि ३६०० मधला फरक मुलाला गेममध्ये जाणवणारही नाही.

नाही आलं तर रॅम. दोन्ही काढा आणि एकच परत लावा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, ज्यावर बहुतेक बोर्डांत ए२ लिहिलेलं असतं. इथं एक बारीक गोष्ट हातानं समजून घेण्यासारखी आहे. बऱ्याच नव्या बोर्डांवर स्लॉटला वरच्या एकाच टोकाला क्लिप असते, खालचं टोक नुसतं खाचेत बसतं. वरचं टोक ‘कट्‌’ वाजलं की माणूस निर्धास्त होतो, आणि खालचं टोक एक मिलिमीटर वर राहिलेलं असतं. ते डोळ्याला दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा, सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच आत गेलेली दिसली पाहिजे. आधी खालचं टोक अंगठ्यानं पक्कं दाबा, मग वरचं. पहिल्यांदा जोडणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा जास्तच जोर लावावा लागतो. एका रॅमनं चित्र आलं नाही तर ती काढून दुसरी त्याच स्लॉटमध्ये, नंतर दुसरा स्लॉट. दर वेळी एकच बदल. आपल्याकडे रॅमला खोडरबर घासायची जुनी पद्धत आहे. नव्या रॅमला त्याची गरज नाही. घासल्यानं जे सुधारल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे सुधारलेलं असतं, आणि रबराचा चुरा मात्र स्लॉटमध्ये जाऊन बसतो.

त्यानंतर कार्ड. वायर काढून, कार्डाचे मागचे स्क्रू सोडून, स्लॉटच्या शेवटची क्लिप दाबून ते बाहेर घ्या. परत बसवताना नीट बघा. कार्ड आधी स्लॉटमध्ये पूर्ण बसतं, क्लिप वाजते, आणि मग आपण मागच्या पट्टीचे स्क्रू आवळतो. केसची पत्रा-पट्टी किंचित वाकडी असेल तर स्क्रू आवळता आवळता कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून वर उचललं जातं. स्वस्त केसमध्ये हे फार होतं. रात्री टेबलावर आडवं ठेवून चाललेलं मशीन सकाळी उभं केल्यावर बंद पडलं, तर मी आधी इथंच बघतो. स्क्रू सैल ठेवून चित्र येतं आणि आवळल्यावर जातं असं दिसलं तर कारण सापडलंच. कार्डाला आठ पिनांची वायर लावलीय ना, तेही तपासा. ती पॉवर सप्लायची ६+२ अशी जोडलेली पीसीआयई वायर हवी. ४+४ अशी असते ती प्रोसेसरची, आणि दिसायला सारखी असली तरी दोन्हींची आतली रचना वेगळी आहे. पॉवर सप्लाय मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या वायरींचा असेल तर दुसऱ्या सप्लायच्या वायरी त्याला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं बसतं, पण सप्लायकडच्या टोकाची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि चुकीच्या वायरीनं भाग जळतात.

ज्यांच्याकडे कॅप्स लॉकचा दिवा चालत होता, त्यांच्यासाठी केबल आणि मॉनिटर. मॉनिटरच्या मेनूत इनपुट हातानं निवडा, ‘ऑटो’वर सोडू नका. मॉनिटर भिंतीवरून बंद करून मिनिटभर ठेवा, झोपेतून न उठणारे मॉनिटर एवढ्यानं उठतात. कार्डाच्या दुसऱ्या पोर्टला लावून बघा, पोर्टावरची प्लॅस्टिकची टोपी काढली का तेही. डिस्प्लेपोर्टच्या स्वस्त केबलींत एक खास दोष सापडतो. त्यात विसावी पिन जोडलेली नसावी असा नियम आहे, पण काही केबलींत ती जोडलेली असते, आणि मॉनिटरकडून ३.३ व्होल्ट उलटे कार्डात शिरतात. मग मशीन कधी सुरू होतं, कधी होत नाही. एचडीएमआयनं चित्र येत असेल आणि डिस्प्लेपोर्टनं नसेल, तर कार्डाला दोष देण्याआधी केबल बदला. जुना, व्हीजीए केबलचा मॉनिटर असेल तर साधी वायर चालत नाही. आरएक्स ६६०० मधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही, सिग्नलचं रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो आणि स्वस्तातले लवकर दगा देतात.

एवढ्यानंही काही झालं नाही तर मशीन किमान भागांवर आणा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, कार्ड आणि पॉवरच्या तीन वायरी. एसएसडी, वाय-फाय, दिव्यांच्या पट्ट्या, पुढच्या यूएसबीच्या वायरी सगळं काढा. मदरबोर्ड केसबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर नको, तिची बाहेरची बाजू वीजवाहक असू शकते. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरनं क्षणभर स्पर्श केला की मशीन सुरू होतं. बाहेर चित्र आलं आणि केसमध्ये येत नसेल, तर बोर्ड ज्यांच्यावर टेकतो त्यांपैकी एखादा पितळी स्टँड नको त्या जागी राहिलाय किंवा कार्ड तिरकं बसतंय. मग एकेक भाग वाढवत जा.

ज्यांच्याकडे जोडल्यापासून एकदाही चित्र आलं नाही, त्यांचा क्रम उलटा. आधी प्रोसेसरची आठ पिनांची वायर, ती बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते आणि विसरायला सगळ्यात सोपी. मग बायोस. बी४५० बोर्ड रायझन ५००० च्या आधीचा आहे, बी५५० २०२० च्या जूनचा आणि रायझन ५००० त्याच वर्षीच्या नोव्हेंबरचा. दुकानात पडून राहिलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. इंटेलमध्ये बी६६० बोर्डावर १३व्या पिढीचा प्रोसेसर लावला की हीच अडचण. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही काम होतं. एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, पुस्तिकेत दिलेल्याच नावानं बायोसची फाइल ठेवायची, खुणेच्या यूएसबीत लावायची आणि बटण दाबायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये, म्हणून हे काम भारनियमनाच्या वेळेत काढू नका.

विंडोजचा लोगो दिसून मग पडदा काळा होत असेल तर हार्डवेअर उघडायची गरज नाही, तो बहुधा ड्रायव्हरचा प्रश्न आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. नाहीच आलं तर सुरू होता होता तीनदा बंद करा, विंडोज दुरुस्तीचा मेनू दाखवतं आणि तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं. जुना ड्रायव्हर काढून, इंटरनेट तोडून, कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. इंटरनेट तोडायचं कारण, आपण ड्रायव्हर टाकत असतानाच विंडोज अपडेट मागून स्वतःचा टाकतं आणि दोन्हींची गाठ पडते.

गेममध्ये मधेच चित्र जाऊन पंखे जोरात फिरायला लागतात, तिथं वीज आणि उष्णता बघा. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, तुमचा प्रोसेसर ७६ वॉटच्या आसपास थांबतो, त्यामुळे चांगल्या कंपनीचा ५५० वॉट पुरून उरतो. नावाला ५५० असलेला हलका सप्लाय मात्र पुरत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदवहीत) सिस्टीमच्या नोंदींत डिस्प्लेची ४१०१ नोंद असेल तर ड्रायव्हर किंवा कार्ड गोठलं. कर्नल-पॉवर ४१ असेल तर मशीन नीट बंद न होता थांबलं, आणि मी वीजपुरवठ्याकडे वळतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण आपल्या जुन्या घरांत ती फार आढळते. अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन भिंतीत गेलेली असते पण पुढे कशालाच जोडलेली नसते. मग पॉवर सप्लायच्या फिल्टरमुळे केसच्या पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्म्याच्या जवळपास व्होल्टेज येतं, प्रवाह अगदी कमी, पण हाताला झिणझिण्या जाणवतात आणि टेस्टर लुकलुकतो. अशा मशीनला टीव्ही जोडला, आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर असेल, तर तो फरक एचडीएमआयमधून वाहतो आणि पोर्ट जळतं. तुमच्याकडे टीव्ही वापरणार असाल तर एचडीएमआय लावताना किंवा काढताना दोन्हींचे भिंतीवरचे स्विच बंद असू द्या, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या. हे पीसीपेक्षा मुलाच्या हातासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

इतकं करून व्हीजीएचा दिवाच लागून राहिला, तर कार्डावर संशय घ्यायला हरकत नाही. तेव्हाही ते थेट वॉरंटीत न देता दुसऱ्या चालू मशीनमध्ये लावून बघा. तुमच्या साताऱ्यात ओळखीचं कुणी नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात एखाद्या दुकानात समोर बसून तपासून घेता येईल. कार्ड आणि त्याची वायर घेऊन जा. तिथंही चित्र आलं नाही तर सीरियल नंबर, पोर्टं आणि सोनेरी कडा यांचे स्पष्ट फोटो काढा, बिल जोडा, आणि मगच पाठवा. आणि बायोस मूळ स्थितीत आणल्यावर कोणता दिवा लागून राहतो तेवढं मला कळवा, पुढचं त्यावरून सांगता येईल.